आजीच्या शिलाई मशीनचं कपाट: रंगवू, पॉलिश करू की भंगारात घालू?

उसवण | १७ ऑगस्ट, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. मी सांगलीची, माहेर गावभागात. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

विषय आजीच्या सिंगर मशीनच्या कपाटाचा. नुसतं लोखंडी पायांवरचं मशीन नव्हे, पूर्ण बंद होणारं लाकडी कपाट आहे. वरची फळी डावीकडे उलगडायची, मशीन आतून वर काढायचं. समोरची दोन दारं उघडली की खाली पायटा आणि मोठं चाक. आत उजवीकडे एकाखाली एक तीन अरुंद खण. बंद असलं की नव्या माणसाला मशीन आहे हे कळायचंसुद्धा नाही. वर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर रेडिओ.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट, म्हणजे बघा. आमच्या घरात कंबरेएवढं पाणी होतं. बाबांनी माडीवर काय काय नेलं? देव, गॅसची टाकी, कागदपत्रांची पिशवी आणि मशीनचं डोकं. बारा-तेरा किलोचं ते धूड त्यांनी एकट्याने जिन्यावरून वर नेलं. आई अजून म्हणते, "माझ्या साड्या राहिल्या खाली, सासूचं मशीन बरं दिसलं तुम्हाला." कपाट मात्र पाच दिवस पाण्यात उभं होतं. २०२१ च्या पुराला शहाणे झालो आणि तेही आधीच वर चढवलं.

आजची अवस्था:
दारांवरचा लाकडी पापुद्रा खालून वीतभर सुटलाय, फुगे आलेत. वरची फळी ठीक आहे, पण चहाच्या कपांची पांढरी वर्तुळं आणि इस्त्रीचा एक डाग आहे (तो माझा, सातवीतला). खालचा खण उघडतच नाही. उघडणाऱ्या दोन खणांना पुराचा वास अजून आहे. पायटा तांबेरलाय. पाठीमागच्या फळीला आजोबांनी कधीतरी हिरवा ऑईलपेंट फासलाय, त्याचे पोपडे निघतात.

भाऊ म्हणतो भंगारात दे. भंगारवाल्याने सातशे सांगितले, तेही लोखंडाचे. लाकूड तुम्हीच ठेवा म्हणाला. मला ते पांढरं रंगवून, पितळी मुठी लावून माझ्या खोलीत ठेवायचंय. पिंटरेस्टवर असली कपाटं बघून बघून वेड लागलंय. कुणी केलंय का? सुतार न बोलावता जमेल का?

---

पांढरा_चुना | १७ ऑगस्ट, रात्री ११:२०

एका रविवारचं काम आहे. पॉलिश पेपर मारा, प्रायमरचा एक हात, चॉक पेंटचे दोन हात, वरून मॅट सीलर. मशीन काढून टाका, त्या खाचेवर काच बसवा, मस्त वर्क टेबल होईल. मी पुण्यात एका क्लायंटला अशाच मशीनच्या पायांवर वॉश बेसिन बसवून दिलंय. लोक फोटो काढतात.

---

कंदी_पेढा | १७ ऑगस्ट, रात्री ११:४१

वॉश बेसिन!! आजीने ज्यावर खानदानाचे लेंगे शिवले त्यात आता पाहुणे चूळ भरणार.

(उसवण ताई, धाग्यावर स्वागत. आयडी विषयाला शोभून दिसतोय.)

---

रंधा | १८ ऑगस्ट, सकाळी ७:०५

मी साताऱ्याचा. वडील सुतार होते, मी पोटासाठी बँकेत आहे, पण शनिवार-रविवार हातात पटाशी असते. ताई, काहीही फासायच्या आधी तीन गोष्टी तपासा.

एक, दारांचं लाकूड भरीव आहे की वर पापुद्रा म्हणजे व्हिनिअर चिकटवलाय. तुम्ही "सुटलाय" म्हणताय म्हणजे व्हिनिअरच. दाराची कड बघा. वरच्या रेषा कडेवरून खाली उतरत नसतील तर नक्की.

दोन, व्हिनिअर कशाने चिकटवलंय. जुन्या कामात बहुधा सरस असतो, जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा. सरस पाण्याने आणि उष्णतेने सुटतो, म्हणून पुरात पापुद्रा निघतो. सुटलेल्या जागी आतून कोमट पाण्याचा बोळा दाबून बघा. बोटाला चिकट लागलं तर सरस.

तीन, वरचं पॉलिश कसलं आहे. दिसणार नाही अशा जागी, समजा दाराच्या आतल्या कोपऱ्यात, कापसाने थोडं पॉलिशचं स्पिरिट लावा. मिनिटभरात चिकट होऊन कापूस तपकिरी झाला तर लाखेचं पॉलिश. काहीच झालं नाही तर थिनरने बघा. थिनरने सुटलं तर लॅकर.

आता पांढऱ्या रंगाबद्दल. लाकूड सागवानी किंवा तसलंच गडद असेल तर त्यातला रंग पाण्याच्या पेंटमधून वर येतो. पहिल्या आठवड्यात छान दिसतं, महिन्याभरात पिवळे-तपकिरी डाग. मग लोक पेंट कंपनीला शिव्या घालतात. रंगवायचंच असेल तर आधी लाखेचा एक हात द्यावा लागतो, तो डाग अडवतो.

आणि अडकलेला खण आत्ता ओढू नका, रंधा तर मुळीच लावू नका. श्रावणात लाकूड फुगलेलं असतं. आत्ता तासलात तर उन्हाळ्यात खण खुळखुळेल.

---

मात्रा | १८ ऑगस्ट, सकाळी ९:३०

त्या हिरव्या पेंटबद्दल. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या, विशेषतः ऑईलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता भरपूर. तो कोरडा घासू नका. पाणी मारून ओला घासा, मास्क लावा, पोपडे कागदावर गोळा करून टाका. घरात लहान मूल असेल तर हे काम त्याच्यापासून लांबच.

---

ओव्हरलॉक | १८ ऑगस्ट, दुपारी २:१५

तासगावला शिवणक्लास घेते, एकवीस वर्षं झाली. सगळे लाकडावरच बोलताय, डोक्याचं कुणी विचारलंच नाही!

उसवण, मशीनच्या बुडावर क्रमांक असेल, आधी अक्षरं. एफ किंवा वाय, किंवा ई-ने सुरू होणारी दोन अक्षरं असली तर ते स्कॉटलंडच्या क्लाइडबँक कारखान्यातलं. तो कारखाना १९८० ला बंद झाला. ई-ची दुहेरी अक्षरं साधारण १९३५ च्या पुढची.

दोरा ताणायची चकती डाव्या टोकाच्या तोंडपट्टीवर असेल तर तुमचं मशीन १५ नंबरच्या घराण्यातलं धरा. म्हणजे चिंता मिटली. आपल्याकडची बहुतेक काळी मशीनं त्याच नमुन्यावर बेतलेली, त्यामुळे बॉबिन, केस, सुई (साधी घरगुती १५×१) कुठल्याही दुकानात मिळते.

खरं सांगा, त्यात खोबरेल घातलंय ना कुणीतरी?

---

उसवण | १८ ऑगस्ट, रात्री ९:४८

ओव्हरलॉक ताई, तुम्ही आमच्या घरी येऊन गेलात का? बाबांनी माडीवर ठेवताना "गंजू नये" म्हणून अर्धी बाटली ओतली होती. आता चाक फिरतच नाही. क्रमांक ई-नेच सुरू होतो. चकती टोकालाच आहे.

रंधा दादा, तपासलं. व्हिनिअरच आहे, सरसच आहे (आणि वास! अरे देवा). स्पिरिटने कापूस तपकिरी झाला. म्हणजे लाख.

मात्रा, मूल आहे, साडेतीन वर्षांचं, आणि पोपडे सोलणं हा त्याचा आवडता उद्योग. आज दार बंद केलं. धन्यवाद.

---

ओव्हरलॉक | १८ ऑगस्ट, रात्री १०:०५

खोबरेल जुनं झालं की घट्ट, चिकट होतं. पट्टा काढा, तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेलचे थेंब टाका, रात्रभर ठेवा, सकाळी चाक हाताने मागेपुढे हलवा. जोर लावू नका. तीन-चार दिवस लागतील. सुटलं की रॉकेल पुसून मशीनचं तेल. सोनेरी नक्षीवर रॉकेल घासायचं नाही आणि स्पिरिट तर अजिबात नाही, नक्षी उठून येते हातात. ती नुसती मशीनच्या तेलाने पुसायची.

---

निवांत_काका | १९ ऑगस्ट, सकाळी ६:१२

सिंगर म्हटलं की विषय निघाला. हे विकायच्या भानगडीत कुणी पडू नका. आमच्या शेजाऱ्यांना कुणी सांगितलं की जुन्या सिंगरला पन्नास हजार येतात. सिंगरने अशी मशीनं लाखोंनी काढली हो, दुर्मीळ कसली? २००९ साली सौदी अरेबियात अफवा उठली की जुन्या सिंगरमध्ये 'लाल पारा' असतो. मोबाईल मशीनजवळ नेऊन लोक तपासत होते, आणि भाव भलतेच चढले. असला पारा मुळात नसतोच. त्या अफवेच्या शेपटाने आपल्याकडेही अधूनमधून कुणीतरी व्यापारी दारात येतो. त्याला ताक पाजावं आणि परत पाठवावं.

---

खुंटी_तारा | १९ ऑगस्ट, दुपारी १२:३३

मी मिरजेचा, वाढलो सतारमेकर गल्लीजवळ. घरी वाद्यं करत नाही, पण लहानपण चपड्याच्या (म्हणजे पॉलिशच्या लाखेच्या) वासात गेलंय.

तुमच्या कपाटावर आहे तेच लाखेचं पॉलिश आमच्याकडे सतारी-तंबोऱ्यांना लागतं. मिरजेत सतारी करायला सुरुवात केलेल्या फरीदसाहेबांपासून दीडशेच्या वर वर्षं झाली, २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. लाखेचा मोठा गुण असा की जुनं पॉलिश सगळं खरवडावं लागत नाही. नवा चपडा जुन्यात विरघळतो आणि एकजीव होतो. वरची फळी खरवडू नका! आधी पातळ साबणपाण्याच्या पिळलेल्या फडक्याने मळ काढा, वाळू द्या. चहाची पांढरी वर्तुळं म्हणजे पॉलिशमध्ये अडकलेला ओलावा. स्पिरिटचा जेमतेम ओला बोळा त्यावरून हलका फिरवला की बहुतेक जातात. इस्त्रीचा डाग जाईल की नाही ते किती खोल आहे त्यावर.

प्रमाण: एक लिटर स्पिरिटला २०० ते २५० ग्रॅम चपडा, काचेच्या बरणीत रात्रभर, मग जुन्या मलमलीतून गाळायचं. लोखंडी डब्यात नको, काळं पडतं. लागेल तेवढंच करा. जुनं झालेलं पॉलिश वाळतच नाही, चिकट राहतं.

आणि सर्वांत महत्त्वाचं: आत्ता करू नका. पावसाळी हवेत लाख धुरकट पांढरी पडते. आमच्या गल्लीतले म्हातारे भिंतीला हात लावून हवा बघायचे आणि पॉलिश पुढं ढकलायचे. दिवाळीनंतर सुरू करा. सकाळी दहा ते दुपारी तीन.

---

पांढरा_चुना | १९ ऑगस्ट, दुपारी १:०२

दोन-अडीच महिने थांबायचं एका कपाटासाठी? लाख उष्णतेला टिकत नाही, पाण्याला टिकत नाही, दारूचा ग्लास ठेवला तर खलास. आजच्या घरात पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) लागतं. जुन्या गोष्टींचं सोवळं किती पाळायचं?

---

खुंटी_तारा | १९ ऑगस्ट, दुपारी १:२०

तुमचं खोटं नाही. लाख नाजूकच. पण ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी बोळा फिरवून भरता येतो. पीयूला ओरखडा पडला की अख्खी फळी घासायची. रोज भांडी ठेवायचं टेबल असेल तर पीयू लावा, मी आड येणार नाही. शिवायच्या मशीनवर दारूचा ग्लास कोण ठेवतं ते मात्र सांगा.

---

कंदी_पेढा | १९ ऑगस्ट, दुपारी १:२४

शिंपी. मार्च एंडला.

---

उसवण | ३ सप्टेंबर, रात्री ११:३०

मंडळी, वाईट बातमी. माझ्याच हाताने.

थांबायचं ठरलं होतं. पण परवा सुट्टी होती, ऊन पडलं, आणि मला वाटलं दारं तरी घासून ठेवू. ८० नंबरचा पेपर होता घरात. डावं दार घासत बसले, छान स्वच्छ लाकूड दिसायला लागलं, आणि अचानक मधोमध तळहाताएवढा फिकट डाग. बघते तर व्हिनिअर आरपार! खाली भलतंच पांढरट लाकूड.

रडावं की हसावं कळेना. आई म्हणाली, "तुझ्या आजीने साठ वर्षं वापरलं, तू तासाभरात संपवलंस." भाऊ म्हणाला सातशे अजून मिळतायत.

---

रंधा | ४ सप्टेंबर, सकाळी ६:५०

ताई, व्हिनिअर एक मिलिमीटरही नसतं, त्यावर ८० नंबर म्हणजे भाकरीला किसणी लावल्यासारखं. असो. झालं ते झालं, रागवून लाकूड परत येत नाही.

आता खरा विचार करा. दारांचं खालचं वीतभर व्हिनिअर तसंही पुराने गेलेलं. वर हे भोक. त्या दारांना जोडव्हिनिअर लावून एकसारखं पॉलिश करणं हे कसबी माणसाचं काम आहे, आणि तरी जोड दिसणारच. म्हणून माझं मत बदलतोय: दारं रंगवा. वरची फळी, कडा आणि खणांची तोंडं पॉलिशमध्ये ठेवा. जिथे लाकूड दाखवण्यासारखं आहे तिथे दाखवा, जिथे नाही तिथे झाका. पांढरा_चुना खूश, खुंटी_तारा खूश.

फक्त पांढरा नको. पांढऱ्यावर उरलेल्या व्हिनिअरची प्रत्येक कड दिसेल.

फुग्यांचं असं करा: ब्लेडने लाकडाच्या रेषेला धरून चीर द्या. आत जुना सरस असतो, त्यावर फेविकॉल नीट धरत नाही. एक तर कोमट पाण्याच्या बारीक ब्रशने तो काढून, वाळवून, मग फेविकॉल. किंवा सरसच जागा करा: वर ओलसर फडकं, त्यावर मध्यम गरम इस्त्री दहा-पंधरा सेकंद, लगेच सपाट फळी आणि वर जड वजन, रात्रभर. मधे कागद घाला, नाहीतर फळीच चिकटेल. सुटून गेलेल्या जागेवर लांबी (पुट्टी) भरून सपाट करा आणि १५० पासून पुढचेच पेपर वापरा. ८० नंबर कुणाला तरी देऊन टाका.

---

पांढरा_चुना | ४ सप्टेंबर, सकाळी ११:१०

रंधा यांच्याशी सहमत, हे लिहिताना हात थरथरतोय. रंग गडद घ्या: बाटलीहिरवा, किंवा मोरपिशीचा काळपट प्रकार. चमक मॅट. आणि मुठी नव्या आणू नका, जुन्या चिंच-मिठाने घासा, त्यांचंच पितळ बघा कसं निघतं. बेसिनचा सल्ला मागे घेतो. मशीन चालतंय तर राहू द्या.

---

उसवण | ६ सप्टेंबर, रात्री १०:१५

मशीन चालतंय!! रॉकेलच्या पाचव्या दिवशी चाक फिरलं. आईने जुन्या परकराच्या तुकड्यावर टीप मारून बघितली, हाताने चाक फिरवत. टीप सरळ आली. त्यानंतर भावाने भंगाराचं नाव काढलेलं नाही.

बाटलीहिरवा ठरला. मागची फळी आजोबांनी हिरवीच केली होती, तेव्हा घराण्याची परंपरा म्हणा.

---

ओव्हरलॉक | ७ सप्टेंबर, दुपारी ३:००

पायट्याला हात घालाल तेव्हा एक लक्षात ठेवा. गंज तारेच्या ब्रशने काढा, रेड ऑक्साईड, मग काळा इनॅमल. पण जिथे लोखंड लोखंडावर फिरतं, पायट्याच्या दोन्ही टोकांच्या खुंट्या, दांड्याचं वरचं-खालचं तोंड, चाकाचा आस, तिथे रंगाचा थेंबही जाऊ देऊ नका. आधी ग्रीस लावून कागद गुंडाळा. क्लासमधल्या एका मुलीच्या नवऱ्याने प्रेमाने सगळं रंगवलं होतं. पायटा जाम. महिनाभर ती नवऱ्यावर आणि नवरा रंगवाल्यावर.

---

निवांत_काका | २९ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

दिवाळी झाली. ताई कुठे आहेत? हवा कोरडी झाली. धागा वर काढतो.

---

उसवण | १४ डिसेंबर, रात्री ११:०५

काका, इथेच होते. हातांना लाख होती म्हणून टंकता येत नव्हतं. आता सविस्तर लिहिते.

व्हिनिअर. उजव्या दाराचे दोन फुगे इस्त्रीने बसले, एक नाही बसला. त्याला चीर देऊन, सरस धुऊन, आठ दिवस वाळवून फेविकॉल. वजन म्हणून तांदळाचा डबा आणि त्यावर पाटा. डाव्या दाराच्या भोकात लांबी भरली, तीनदा, कारण प्रत्येक वेळी वाळून खाली बसायची.

मागची फळी. ओली घासून पोपडे काढले, मूल घरी नसताना. खालची कड पुराने भुसकट झाली होती, तेवढी चार बोटं कापून नवी पट्टी. हे काम मात्र गल्लीतल्या सुताराकडून करून घेतलं. त्याआधी दुसऱ्या एकाने पाचशे आगाऊ घेतले आणि दिसेनासा झाला, तोही अनुभव जमेला.

वास. हे तुम्हा कुणालाच विचारलं नव्हतं, पण सांगते. खण सोडा लावून बघितले, उन्हात ठेवून बघितले, कापूर ठेवला. दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तो गाळाचा वास. शेवटी खुंटी_तारा यांचं पॉलिश उरलं होतं ते खणांच्या आत-बाहेर, अगदी तळालाही, दोन हात मारलं. वास गेला. लाखेने आतल्या आत कोंडला बहुतेक. अख्ख्या कामात मला सर्वांत आनंद झाला तो याचा.

वरची फळी. मी घाबरत घाबरत एका कोपऱ्यात सुरुवात केली. मलमलीत कापसाची गुंडाळी, पॉलिशमध्ये बुडवून पिळायची, वर तेलाचा एक थेंब, आणि मग आठ आकडा काढत फिरवत राहायचं, मधे थांबायचं नाही. पहिल्या दिवशी थांबले, फडकं चिकटलं, त्याचे तंतू फळीला. स्पिरिटने पुसून पुन्हा. चौथ्या दिवशी हात बसला. रोज दोन-तीन फेऱ्या आणि मधे ४०० नंबरचा हलका हात, असे नऊ दिवस. चहाची वर्तुळं गेली. इस्त्रीचा डाग फिकट झाला, पण टोक दिसतं. राहू दिला. त्यावर आता टाचण्यांचा डबा बसतो.

एक सूचना सगळ्यांना: तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. विशेषतः बेलतेलाची (उकळलेल्या जवसाच्या तेलाची). ती आपोआप तापतात आणि पेटू शकतात. मी पसरून वाळवली आणि मग टाकली. स्पिरिटचं काम करताना देवघरातली समईसुद्धा लावली नाही, आई रुसली.

दारं. आधी लाखेचा एक हात (रंधा दादा, ऐकलं तुमचं), मग बाटलीहिरव्याचे दोन. मुठी चिंच-मिठाने. पांढरा_चुना, तुमच्यामुळे कळलं की त्या पितळी होत्या. मी आजवर काळ्याच समजत होते.

पायटा. ग्रीस आणि कागद. जाम झाला नाही.

एकूण खर्च साडेतीन हजारांच्या आत, गायब सुतार धरून.

---

खुंटी_तारा | १५ डिसेंबर, सकाळी ८:४०

वा! फोटोत फळीवर खिडकीची सळई न् सळई दिसतेय. एक महिना त्यावर गरम काही ठेवू नका, आतून अजून कडक व्हायचंय. मिरजेला आलात की सांगा, भडंग आमच्याकडून.

---

पांढरा_चुना | १५ डिसेंबर, सकाळी १०:१५

हिरवा जमलाय. क्लायंटला दाखवतोय, श्रेय या धाग्याला.

---

कंदी_पेढा | १५ डिसेंबर, सकाळी १०:१८

बेसिनशिवाय?

---

उसवण | १५ डिसेंबर, रात्री ९:२५

ओव्हरलॉक ताई, नवा चामड्याचा पट्टा आणला. पहिले चार दिवस छान, आता पायटा मारला की खालचं चाक फिरतं आणि वरचं नुसतं बघत राहतं.

---

ओव्हरलॉक | १५ डिसेंबर, रात्री ९:४०

नवं चामडं ताणतंच. तारेची कडी काढा, अर्धा इंच कापा, नवं भोक पाडून पुन्हा जोडा. एकदम जास्त कापू नका, फार घट्ट झाला तर पाय दुखतील. महिन्याभराने पुन्हा एकदा करावं लागेल, मग वर्षानुवर्षं बघायला नको. काय शिवलंत?

---

उसवण | १५ डिसेंबर, रात्री ९:५२

बाजाराची पिशवी. दुसरी टीप वाकडी आहे, आई म्हणते भाजीला चालतंय. आता तिनेच ताबा घेतलाय, माझ्या खोलीत न्यायचा विषय बंद. मशीन होतं तिथेच, खिडकीपाशी.

रंधा दादा, खालचा खण उघडला एकदाचा! आत बॉबिनं, हुकांची पाकिटं आणि गाळ. पण अजून अर्ध्यावर अडकतो.

---

रंधा | १५ डिसेंबर, रात्री १०:१०

सरकपट्ट्यांवर मेणबत्ती घासा.

---

उसवण | १५ डिसेंबर, रात्री १०:३१

घासली. आधीच घासली होती. अडकतोच.

---

रंधा | १६ डिसेंबर, सकाळी ६:४५

मग रंध्याला हात लावू नका. मे महिन्यात धागा वर काढा.